पाऊस, पाषाण आणि भूकंप

(कराड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. आपल्याकडे भूगोल म्हणजे इतिहासाच्या पाठीला बांधलेला निम्म्या गुणांचा विषय. त्यातही वाऱ्यापावसाचा धडा वेगळा, खडकांचा वेगळा, ज्वालामुखी आणि भूकंपांचा आणखी वेगळा. मुलं तिन्ही धडे पाठ करतात. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्यांना कोणी सांगत नाही. मला आज हे तीन धडे एकत्र वाचायचे आहेत. त्यासाठी कराडइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी सापडणार नाही. इथून पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यात, आभाळातलं पाणी आणि जमिनीखालचा ताण यांचा प्रत्यक्ष व्यवहार चालतो आणि गेली सहा दशकं तो मोजला जातो आहे.

सुरुवात खडकापासून करते. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हा थंड झालेला लाव्हा आहे. वेरूळची लेणी त्यात कोरली, सह्याद्रीवरचे गड त्यावर उभे राहिले, आपल्या घरातला पाटा-वरवंटाही त्याचाच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धूर ओकणारा टोकदार डोंगर येतो. दख्खनमध्ये तसं घडलं नाही. इथे जमीन लांबच लांब भेगांनी उकलली आणि त्या भेगांतून पातळ लाव्हा वर येऊन चारी दिशांना पसरला. धुळे-नंदुरबारच्या माळावर शेतातून मैलोन्‌मैल सरळ जाणाऱ्या काळ्या दगडी भिंती तुम्ही पाहिल्या असतील. त्या कोणी बांधलेल्या नाहीत. भेगांमध्येच थिजून राहिलेला तो लाव्हा आहे. भोवतालचा खडक झिजला आणि त्या उघड्या पडल्या.

हा प्रकार माणसाने लहान प्रमाणात पाहिलेला आहे. १७८३ साली आइसलंडमध्ये लाकी नावाच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहत होता. त्याबरोबर निघालेल्या विषारी वायूंनी गवत जळालं, गुरं मेली आणि त्यामागून आलेल्या दुष्काळात त्या देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं दगावली. तो लाव्हा पंधरा घन किलोमीटरच्या आसपास होता. दख्खनमध्ये बाहेर पडलेला लाव्हा लाखो घन किलोमीटरमध्ये मोजावा लागतो. झीज होऊन उरलेला भागच आज पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. काही प्रवाह तर इतके लांब गेले, की आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या मुखापाशी, त्यांचे अवशेष सापडतात.

मात्र हे सगळं एका दमात झालं असं समजू नका. कुंभार्ली घाट चढताना समोरच्या कड्याकडे नीट पाहा. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. उभा, ताशीव भाग म्हणजे प्रवाहाचा घट्ट गाभा. त्यावरचा उतार म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला आणि म्हणून लवकर कुजणारा माथा. मधूनमधून विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. पुष्कळ ठिकाणी तो म्हणजे एका प्रवाहावर तयार झालेली आणि पुढच्या प्रवाहाने भाजून काढलेली माती. माती तयार व्हायला वेळ लागतो, पाऊस लागतो. मुंबईत वरळीच्या टेकडीत दोन प्रवाहांमधल्या गाळाच्या थरात चक्क बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. म्हणजे एक लाव्हा निवला, त्यावर डबकी साचली, डबक्यांत बेडूक डरावले आणि मग पुढचा लाव्हा आला. त्या काळातही हवामान आणि ज्वालामुखी असे आळीपाळीने एकाच जमिनीवर काम करत होते.

लोक मला नेहमी विचारतात, हा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का? १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तर लातूरकडे लाव्हा येणार म्हणून अफवा उठल्या होत्या. याचं उत्तर ठाम देता येतं. पृथ्वीचं बाहेरचं कवच तुकड्यातुकड्यांचं आहे आणि ते तुकडे, म्हणजे भूपट्ट, सतत सरकत असतात. ज्या उष्ण जागेवरून जाताना दख्खन पेटलं, ती जागा खोलवर जवळपास तिथेच राहिली. आपण पुढे निघून आलो. आज ती हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे, मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर, आणि तिथला ज्वालामुखी अजून वारंवार लाव्हा ओततो. आपल्या प्रवासाची खूण समुद्रात उमटलेली आहे: लक्षद्वीप, मालदीव आणि पुढे मॉरिशस. दीड-दोनशे वर्षांपूर्वी कोकणातून आणि देशावरून जे मराठी लोक मजुरीसाठी मॉरिशसला गेले आणि आजही तिथे गणपती बसवतात, ते त्याच उष्ण जागेने घडवलेल्या काळ्या दगडावर राहतात. समुद्र ओलांडूनही त्यांना पाषाण घरचाच मिळाला.

आपला भूपट्ट त्या काळी वर्षाला पंधरा सेंटिमीटरहूनही अधिक वेगाने उत्तरेकडे धावत होता. भूपट्टासाठी हा वेग फार मोठा आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला, हिमालय उठू लागला आणि वेग मंदावला. पण थांबला नाही. आजही भारत वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास ईशान्येकडे सरकतो आहे. त्यातला काही भाग हिमालयाच्या घड्यांमध्ये जिरतो. पण समोर अडलेल्या आणि मागून ढकलल्या जाणाऱ्या या प्रचंड शिळेत ताण फक्त पुढच्या कडेलाच राहील असं नाही. तो सगळ्या द्वीपकल्पात पसरतो, तुमच्या-माझ्या पायाखालीही. आणि याच धडकेतून उठलेला हिमालय उत्तरेची थंड, कोरडी हवा अडवून धरतो, म्हणून आपला मोसमी पाऊस इतका जोरकस आहे. एकाच धक्क्याने आपल्याला पाऊसही दिला आणि ताणही.

आता सह्याद्री. तो हिमालयासारखा घड्या पडून उठलेला पर्वत नाही. लाव्हा ओतला जात असतानाच्या सुमाराला सेशेल्सचा तुकडा भारतापासून फाटून निघाला आणि पश्चिमेला नवा समुद्र उघडला. पठाराची ती तुटकी कड पाऊस आणि ओढे-नाले झिजवत झिजवत पूर्वेला सरकली. आज आपण तिला घाटमाथा म्हणतो. फाटलेल्या त्या कडेला खोल भेगा राहिल्या. वज्रेश्वरी, उन्हवरे इथली कोकणातली उन्हाळी त्याच भेगांची देणगी आहेत. पावसाचं पाणी खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. त्यात लाव्ह्याचा अंशही नाही.

अरबी समुद्रावरचा ओला वारा जूनमध्ये या कड्याला येऊन भिडतो. पुढे वाट नाही म्हणून वर चढतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती फुगते. फुगते म्हणून थंडावते. थंडावली की बाष्प धरून ठेवता येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट ओलांडून खाली उतरणारी हवा पुन्हा तापते आणि ढग विरतात. सरळ रेषेत पूर्वेला जेमतेम शंभर किलोमीटर जा, माणदेशात पाचशे मिलिमीटरसाठी माणसं आभाळाकडे डोळे लावून बसतात. सातारा जिल्ह्याचं सगळं राजकारण, स्थलांतर, उसाचं शेत आणि मेंढरांचा कळप, या एका कड्याने ठरवलेलं आहे. भूगोल निम्म्या गुणांचा विषय नाही म्हणते, ते यासाठी.

हाच कडा आणि हाच पाऊस पाहून कोयनेचं धरण बांधलं गेलं. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना साठ-पासष्ट किलोमीटर थेट दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते. वळणाच्या अलीकडे पाणी अडवायचं, बोगद्याने पश्चिमेला न्यायचं आणि कड्याखाली पोफळीला सोडून वीज करायची, ही कल्पना भौगोलिकदृष्ट्या विलक्षण होती. १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली. १९६२च्या सुमारास शिवसागर जलाशय भरू लागला आणि त्याच सुमाराला खोऱ्यातल्या लोकांना जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागले, भांडी वाजू लागली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने तिथे भूकंपमापक बसवले. १९६७च्या सप्टेंबरात पाचाच्या वरचा धक्का बसला. आणि ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर कोसळलं. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, दीड हजारांवर जखमी झाली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण ती टिकली. पुढे उंच भागांना मागून आधार देऊन ती मजबूत करण्यात आली. ती भिंत त्या पहाटे टिकली नसती तर आज हे सभागृह जिथे आहे तिथलं कराड उरलं असतं का, हा विचार इथल्या जुन्या माणसांनी केलेला आहे.

पाण्याने भूकंप कसा होतो? नुसत्या वजनाने जमीन फुटते, असं पुष्कळांना वाटतं. वजनाचा थोडा हात असतोच. पण खरं काम दाबाचं आहे. खोलवर खडकात जुन्या भेगा असतात. त्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट आवळलेल्या असतात आणि त्या घर्षणामुळेच ताण असूनही त्या सरकत नाहीत. जलाशयातलं पाणी भेगाभेगांतून खाली झिरपतं. वरच्या पाण्याचा दाब खालच्या पाण्यापर्यंत पोचतो. ते पाणी भेगेच्या दोन्ही बाजूंना आतून रेटतं. आवळलेली पकड ढिली होते आणि जी बाजू हजारो वर्षांनी सरकायची ती आज सरकते. शक्ती हिमालयापासून मागे पसरलेल्या त्या ताणाची असते. पाणी तिला मोकळं करतं.

तेव्हा हे मान्य करायला अनेक जाणकार तयार नव्हते. द्वीपकल्प म्हणजे स्थिर भूमी, इथे भूकंप व्हायचे नाहीत, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाची पातळी आणि धक्क्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी मांडल्या. पावसाळ्यात जलाशय भरला की सप्टेंबरच्या सुमारास धक्के वाढतात. पाणी उतरू लागलं की डिसेंबरच्या आसपास पुन्हा वाढतात. पाणी किती उंच चढलं यापेक्षा ते किती वेगाने चढलं आणि किती काळ वर राहिलं, हे महत्त्वाचं ठरलं. १९८५ला दक्षिणेला वारणेचं धरण भरू लागलं आणि पुढच्या काही वर्षांत धक्क्यांचा पट्टा वारणेकडे सरकला. यापेक्षा स्पष्ट पुरावा निसर्ग देत नाही. त्या खोऱ्यातलं भूकंपाचं वेळापत्रक काही अंशी मृगापासून सुरू होतं, असं म्हटलं तर ते खोटं नाही.

मी धरणाच्या विरोधात बोलते आहे असा अर्थ कृपया काढू नका. कोयनेने महाराष्ट्राला उजेड दिला, कारखाने दिले. पण ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न दोन पिढ्या उलटूनही सुटले नाहीत, आणि जे काठावर राहिले त्यांच्या वाट्याला ती पहाट आली. त्या उजेडाचा हिशेब मांडताना या दोन्ही रकमा खर्चाच्या बाजूला लिहिल्या पाहिजेत.

कोयनेचं खोरं आज जगातल्या भूकंपशास्त्रज्ञांना माहीत आहे. जलाशयामुळे झालेल्या भूकंपांमध्ये १९६७चा भूकंप सर्वांत मोठा मानला जातो, आणि अवघ्या वीस गुणिले तीस किलोमीटरच्या या टापूत धक्के अजून येतात. एवढ्या छोट्या जागेत, एवढ्या नियमाने, फार खोल नसलेले धक्के येत असतील तर तिथे छिद्र पाडून प्रत्यक्ष खाली पाहता येईल, या विचाराने तुमच्या कराडमध्येच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा उभी राहिली. गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. २०१७ला ते पूर्ण झालं. सव्वा किलोमीटरपर्यंत लाव्ह्याचे थर, थरांवर थर. त्याखाली मध्ये कुठलाही गाळाचा खडक न लागता एकदम ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक, शेकडो कोटी वर्षांचा. भूकंप होतात ते याच्यात, आणखी खाली. आपला काळा पाषाण म्हणजे वरचं पांघरूण. भेगा आहेत त्या अंथरुणात. म्हणून वर घट्ट खडक दिसतो, तेव्हा इथे भीती नाही, हा युक्तिवाद कुठेच कामाचा नाही.

मराठवाडा ते फार मोठी किंमत देऊन शिकला. २९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं उशिरा झोपली आणि ३० तारखेला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला ६.२चा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली बावन्न गावं जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या वेळच्या नकाशावर हा भाग भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या विभागात होता. आदल्या वर्षी किल्लारीत लहान धक्के जाणवले होते, लोकांनी तक्रारीही केल्या होत्या. २००२च्या सुधारित नकाशात तो 'सर्वांत कमी' विभाग रद्दच झाला.

किल्लारी आणि कोयना, दोन्हीकडे तीव्रता जवळपास सारखी, दोन्ही पहाटेचे, दोन्ही उथळ. मग मृतांच्या संख्येत एवढं अंतर का? एक कारण वस्तीची दाटी. दुसरं कारण घर. याच्याकडे मी तुमचं लक्ष जास्त वेळ वेधणार आहे.

मराठवाड्यातलं जुनं घर माळवदाचं. भिंती काळ्या दगडाच्या, अडीच-तीन फूट जाड, चुन्याऐवजी मातीत बांधलेल्या. ती जाड भिंत खरं तर एक नसते. आतल्या आणि बाहेरच्या अंगाने दगडाचे दोन थर आणि मध्ये भरलेली खडी-माती. दोन थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर दोन-दोन फूट पांढरी माती. ही माती कशासाठी? मराठवाड्याचा उन्हाळा बेचाळीस अंशांच्या वर जातो. जाड मातीखाली घर गार राहतं. पावसाळ्याच्या तोंडावर गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर नवी माती पडते आणि पिढ्यान्‌पिढ्या छप्पर जड होत जातं. त्या हवामानाला आणि त्या दगडाला धरून माणसांनी शोधलेलं ते शहाणं घर होतं. ते उन्हाशी जमवून घेत होतं, पावसाशी जमवून घेत होतं. जमीन आडवी हलते, हे फक्त त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. जमीन हलली, भिंतींचे दोन थर फुगून वेगळे झाले, दगड सुटले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. कित्येक घरांत आतला लाकडी खण-खांबांचा सांगाडा उभा होता आणि भिंती तेवढ्या ढासळलेल्या होत्या. त्या गावांतल्या माणसांना अडाणी म्हणणारे लेख तेव्हा छापून आले. मला ते वाचून संताप येत असे. अडाणीपण त्या नकाशाचं होतं.

भूकंप कधी होणार हे आज जगात कोणी सांगू शकत नाही. दिवस-वेळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. झाल्यावर मात्र तो कुठे झाला हे लगेच कळतं, आणि त्याची रीत शाळेतल्या मुलालाही समजेल अशी आहे. भूकंपातून दोन लाटा निघतात. पहिली खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांच्यातलं अंतर मोजून वीज किती लांब पडली हे आपण सांगतो, तसंच हे. दोन लाटांत जितके सेकंद, त्याला आठाने गुणलं की किलोमीटरमधलं अंतर ढोबळमानाने मिळतं. तीन ठिकाणांहून तीन अंतरं मिळाली की जागा सापडते. विनाश करते ती बहुधा दुसरी लाट आणि तिच्या मागोमाग जमिनीच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या लाटा.

२०२४च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५चे धक्के बसले. नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर धावले. त्या भागात जमिनीखालून येणाऱ्या आवाजांची तक्रार जुनी आहे. पालघरच्या डहाणू-तलासरीकडे २०१८च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा आदिवासी पाड्यांनी ऐन थंडीत रात्री उघड्यावर काढल्या. तिथल्या धक्क्यांचा संबंध खडकात मुरलेल्या पावसाशी असावा, असं काही अभ्यासक मांडतात. कोयनेत जलाशय जे करतो ते पावसाळा लहान प्रमाणात एकटाच करू शकतो, असं त्यांचं म्हणणं.

४.५ आणि किल्लारीचा ६.२ यांत कागदावर पावणेदोन आकड्यांचाही फरक नाही. पण तीव्रतेच्या एका अंकामागे ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. म्हणजे किल्लारीत हिंगोलीपेक्षा साडेतीनशे पटींनी अधिक ऊर्जा मोकळी झाली. हिंगोलीला पडलेल्या भिंती थोड्या होत्या, याचा आनंद आहेच. पण हिंगोली, नांदेड, परभणीच्या गावांत आजही मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि माळवदं उभी आहेत. ती पाडायची गरज नाही. किल्लारीनंतर मजबुतीकरणाच्या रीती लातूरच्या गावांत प्रत्यक्ष वापरून पाहिल्या गेल्या आहेत. माळवदावरची जादा माती उतरवून थर पातळ करायचा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार छिद्र घेऊन सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन थर एकमेकांना धरतात. दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला सगळ्या भिंतींना आतून-बाहेरून जाळी आणि सिमेंटचा पट्टा बांधायचा, कोपरे एकमेकांत अडकवायचे. नवं घर बांधताना हाच पट्टा सुरुवातीलाच काँक्रीटचा टाकला, तर त्याचा खर्च एकूण बांधकामात फार नसतो.

हे काम भूकंपशास्त्रज्ञ करू शकत नाही. ते गवंडी करतो. घरकुल योजनेतून आज खेड्यापाड्यांत घरं उभी राहत आहेत. त्यांचा हप्ता पायाच्या, छताच्या टप्प्यांवर मिळतो. त्या टप्प्यांमध्ये पट्टा टाकला की नाही हे तपासायला एक माणूस आणि दहा मिनिटं पुरतात. ही तपासणी हप्त्याशी जोडावी, अशी माझी या व्यासपीठावरून मागणी आहे. इथे जिल्हा परिषदेचे सदस्य बसलेले आहेत, शिक्षकही आहेत. पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या गवंड्यांसाठी कराडात दर पावसाळ्याआधी दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरवलं, तर शिकवायला मी येईन.